खवणीच्या आवाजासह

मी, लिओन कुस्तोदियो परेरा, वय एकाहत्तर, निवृत्त मराठी प्राध्यापक, राहणार देवबाग, तालुका मालवण, हे मृत्युपत्र स्वतः टंकून लिहीत आहे. हृदय कमजोर झाले आहे, डोके ठीक आहे. डॉक्टरांनी दोन्हींचा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बहीण फेबी दबाव आणते, पण तो औषधांपुरता. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. देवबागचे घर, आवार आणि माड फेबीला द्यावेत. ती म्हापशाला असते. विकायचे की ठेवायचे, हे तिने ठरवावे. आईच्या शेवटच्या आजारात तिने नोकरी सोडली, म्हणून मला माझी सोडावी लागली नाही आणि माझे पिंगुळीला जाणे चालू राहिले. पुढच्या कलमांत जे काही आहे, ते त्यामुळे आहे.

२. पुस्तके तालुक्याच्या वाचनालयाला द्यावीत. अपवाद मोठ्या शब्दकोशाचा. त्याचा दुसरा खंड माझे सहकारी गुरुप्रसाद यांनी नेला आणि परत केला नाही. पहिला खंडही त्यांना पोचवावा. दोन्ही निदान एका घरात राहतील.

३. बँकेतील रकमेतून अंत्यविधी आणि चर्चमधली मिसा व्हावी. जेवणावळ नको. उरेल ते अस्मिताला द्यावे. ती माझी विद्यार्थिनी, आता कुडाळला शिक्षिका आहे. त्यातून तिने नव्या हार्ड डिस्क घ्याव्यात. इथल्या खाऱ्या हवेत त्या लवकर जातात. रेकॉर्डर, लॅपटॉप आणि हेडफोनही तिचेच.

४. आता मुख्य मिळकत. पिंगुळीचे कथेकरी गंगाराम यांच्या कथा मी वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केल्या. एकेक चित्र समोर धरून ते सांगत. मी ते शब्दशः उतरवून घेई. अस्मिताने त्याला शिस्त लावली. प्रत्येक मुद्रणाची मूळ फाईल वेगळी. काम करायचे ते नकलेवर. उतारा तिसऱ्या फाईलमध्ये, आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह नोंदलेला. कोणताही शब्द सगळ्या कथांतून मागच्यापुढच्या ओळींसह शोधून देणारा प्रोग्रामही तिनेच लिहिला. मी एकदा जागा वाचवायला जुन्या फायली पुसायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, "सर, मूळ फायलीक हात लावशात तर उद्यापासून मी येवचंय नाय." मी हात लावला नाही. तिचे उपकार मोठे आहेत.

शहरातील एका संस्थेने या संग्रहाच्या नकला नेल्या आणि आवाज स्वच्छ केला. कोंबड्या गेल्या, रस्ता गेला. गंगाराम यांच्या पत्नी आनंदी आत नारळ खवत बसत, ती खवणीही गेली. खवणीबरोबर आनंदीबाईही गेल्या. संस्थेच्या प्रतीत एका ठिकाणी गंगाराम थांबतात, मग एकदम म्हणतात, "गप रव गो, माका ठावक आसा." संस्थेच्या अभ्यासकाने त्यावर निबंध लिहिला. कथेकरी इथे चित्रातल्या राणीला गप्प करतो आणि तिच्या मुकेपणाकडे लक्ष वेधतो, असे त्यात म्हटले आहे. निबंध चांगला आहे.

मूळ फाईलमध्ये आधी खवणी थांबते. मग आतून आवाज येतो, "अवो, होडी रवली मा! राणी काय पाण्यावरसून चलत जातली?" मग गंगाराम म्हणतात, "गप रव गो, माका ठावक आसा." आणि लगेच राणी होडीत बसते. खवणी पुन्हा सुरू होते.

असे जवळजवळ प्रत्येक कथेत आहे. कथा दोघांची आहे. दोघेही आता हयात नाहीत.

संस्था संग्रह कायम सांभाळायला तयार आहे, पण फक्त स्वच्छ प्रत, आणि कथेकऱ्याचे एकच नाव. त्यांच्या रकान्यात दुसरे बसत नाही. मी काही न ठरवता गेलो, तर तीच प्रत उरेल. म्हणून संग्रहाचे सर्व हक्क अस्मिताला देत आहे. मूळ फायली जशाच्या तशा ठेवणाऱ्या आणि गंगारामांशेजारी आनंदी यांचे नाव लिहिणाऱ्या कोणालाही तिने संग्रह द्यावा. या संस्थेलाही द्यावा. माझा राग रकान्यावर आहे.

५. गंगाराम आणि आनंदी यांची मुलगी तुळसा हिला सर्व मुद्रणांची एक पूर्ण प्रत द्यावी. तिला परवानगी, अर्ज, पासवर्ड काही लागू नये. तिच्याकडे आईचे फोटो आहेत, आवाज नव्हता. गेल्या महिन्यात तिला इथे बोलावून ऐकवले. तिने हेडफोन लावले, ऐकले. मग हसली. "आवस गो माझी! बापाशीक कशी आवरता बघा." पुन्हा लावायला सांगितले. होडीपाशी आल्यावर म्हणाली, "सर, खोबरा खवता ता ऱ्हवांदे हां." राहील, असा मी शब्द दिला आहे. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे.

६. मूळ फायलींच्या डिस्क सध्या फेबीच्या नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, डब्यात आहेत. हवा न जाणारा तेवढाच एक डबा घरात होता. दर नाताळला इथे आली की ती विचारते, "रे लिओन, नेवऱ्यो खंय ठेवूं? तुझ्या माथ्यार?" अस्मिताने सर्व नकला करून, ऐकून, खात्री झाल्यावर डबा पुसून फेबीला परत करावा. त्याआधी नाही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अस्मिताने करावी. अंत्यविधीनंतर घरी जमणाऱ्यांना राणीची कथा मूळ फाईलमधून ऐकवावी. खवणी थांबते तिथे यंत्र बिघडले असे समजून कोणी उठू नये. आनंदीबाई बोलणार आहेत.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली. तुळसा साक्षीला तयार होती. पण ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी सांगितले. तिला मिळायचे आहे.

सही: लिओन कुस्तोदियो परेरा

साक्षीदार:
१. डॉ. संचिता सामंत, मालवण (सही)
२. सर्वेश तारी, शेजारी, देवबाग (सही)

स्थळ: देवबाग, जि. सिंधुदुर्ग
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५