दुखलं का?

४ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाच्या! धाकटी बसमध्ये दोनदा ओकली, पण उतरल्यावर डोंगर बघून अशी नाचली की बाकीचे प्रवासी आमच्याकडेच बघत बसले. आम्हा बहिणींची कित्येक वर्षांतली ही पहिली सुट्टी. निघताना आईने मला पुन्हा पुन्हा बजावलं, तिला सांभाळ म्हणून. बाई तिशीला टेकलीय, पण आईपुढे कोण बोलणार? उद्यानाच्या पायथ्याशी लाकडी खोली मिळाली आहे. दोन खाटा, एक खिडकी, आणि दार लावायला खांद्याचा जोर लागतो. उद्यापासून वरच्या तळ्याकडे चढायचं.

५ ऑक्टोबर

पायांचे तुकडे पडलेत. माझ्या टाचेला फोड, तिच्या अंगठ्याला फोड. नव्या बुटांची हौस! दोघी कण्हतही होतो आणि एकमेकींना हसतही होतो.

६ ऑक्टोबर

मधली चौकी. इथला म्हातारा रखवालदार वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला करकचून चिमटा काढतो आणि विचारतो, "दुखलं का?" जो कळवळत नाही, त्याला खाली पाठवतो. म्हणाला, वरच्या हवेत माणसाचं दुखणं आधी जातं, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे काय, असं विचारलं तर चहा ओतायला लागला.

गंमत म्हणजे टाच सकाळपासून दुखतच नाहीये. सुंठीवाचून खोकला गेला. धाकटीचंही तेच. त्याचा चिमटा मला कळलासुद्धा नाही, पण एवढं चढून परत कोण फिरणार? मी छान "आई गं" म्हटलं. दातांच्या दवाखान्यात नोकरी केल्यावर एवढं तरी जमायलाच हवं. धाकटीने तर डोळ्यांत पाणी आणून दाखवलं. वळण ओलांडल्यावर पोट धरधरून हसलो.

७ ऑक्टोबर

तळं. सुंदर असावं. धाकटीने फोटो काढले आणि एकही उघडून पाहिला नाही. मुक्कामाच्या केबिनमध्ये आम्ही दोघीच. संध्याकाळी जळका वास आला म्हणून वळले, तर तिचा तळहात तापलेल्या शेगडीवर टेकलेला. मी तो उचलला. ती बघून म्हणाली, "अय्या." पट्टी बांधताना माझे हात थरथरले नाहीत. भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही, याचीच थोडी वाटली.

८ ऑक्टोबर

सकाळी लगेच उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत धाकटी घसरली आणि वाटेखाली झुडपांत गेली. गुडघ्याखाली पाय नको तिकडे वळलाय. ओरडली नाही. तिला वर चढवता येईना, म्हणून वारा लागू नये अशा एका कपारीत ओढत आणलं. फोनला रेंज नाही, मी एकटीने उतरून माणसं आणायला हवीत. ती म्हणते, "ताई, दुखत नाहीये गं. बस ना." बसले. दोन घास खाऊन निघते.

९ ऑक्टोबर

निघाले नाही. पाय काळा पडलाय. आईला काय सांगू, असं मनात आलं. आईचा चेहराही आठवला. कुणाच्या तरी आईचा असावा तसा.

१० ऑक्टोबर

धाकटी बोलत नाही. श्वास आहे. तिला पाणी पाजलं — की ते काल?

मी रडून बघितलं. येत नाही.

११ ऑक्टोबर

माणसं आली आहेत. रखवालदाराचा आवाज ओळखला. सकाळी हाका मारत वर गेले. केबिन रिकामी दिसली असणार. आता परत खाली येताहेत. आमच्या डोक्यावरच वाट आहे. झुडपांमुळे आम्ही दिसणार नाही. एक हाक दिली की झालं. आवाज आहे मला, आत्ताच खोकून पाहिलं.

धाकटीची छाती हलते — थांबून थांबून —

हे वाक्य झालं की हाक मारते.

बूट वाजताहेत. अगदी वर. कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या बाजूने शोधू.

लांब चालले. माझी सख्खी बहीण आहे ही. ओरडते आता. एवढं लिहून झालं की —