देव्हाऱ्यातलं ब्रेक ऑइल

शनिवार, संध्याकाळ. जयनगर

आमच्या देव्हाऱ्यावर घोर अतिक्रमण झालं आहे. गंगेच्या गडूशेजारी ब्रेक ऑइलची अर्धी बाटली! उरलेलं काही टाकायचं नाही, या घरच्या नियमानं माझ्या बहिणीनं, अक्कानं, ती तिथे जपून ठेवलेली. गंगा वर्षानुवर्षं टिकते, मग हे का नाही, असं तिचं म्हणणं.

माझी लेक मुक्ता उद्या पहिल्यांदा गाडी रेसच्या ट्रॅकवर नेणार. अक्काचं ऐकून ती हसलीच. "आत्या, उघडलेलं ऑइल हवेतलं पाणी पितं. ट्रॅकवर ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल नुसतं खाली जातं."

"मग स्वल्प सावकाश चालव की."

"सावकाश चालवायला जयनगरचे रस्ते आहेत ना!"

तिनं जास्त उष्णता सोसणारं नवं ऑइल आणलं. सील मी दोनदा तपासलं.

"अण्णा, तपासून झालं असेल तर आता एखादं स्तोत्र म्हणा," ती म्हणाली.

म्हटलंही असतं. जन्मभर पाठ असलेलं एकही आठवेना. आत सगळं बधिर. जेवताना आमटी अळणी होती म्हणे. मला कळलंच नाही.

ऑइल नवं आहे. सील माझ्यासमोर फोडलं. तरी उद्या तिनं ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही तर, याची मला भीती वाटते.