चौथ्या बोटीत जागा आहे

३ मार्च

आरंभी एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. विषय: उशी. संस्कृतात उशीला 'उपधान' म्हणतात. घरमालकांनी मला दिलेल्या वस्तूला 'पाषाण' म्हटलं तर पाषाणाने अब्रुनुकसानीचा दावा लावावा. पहिल्याच रात्रीत मान वाकडी झाली आणि नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी साहेबांकडे तिरक्या नजरेने पाहत उभा राहिलो. त्यांना तो बाणेदारपणा वाटला असावा. खुर्ची लगेच मिळाली.

बाकी सगळं झकास. खाडीत फेरीबोटी चालवणारी कंपनी आहे आणि तिचा डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. कचेरीतली माझी खोली तिकीटखिडकीच्या बरोबर वर. समोर धक्का, मग पाणी, आणि हवा स्वच्छ असली की पलीकडचा काठ दिसतो. खाली तिकिटं देणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात, साहेबसुद्धा. बोटींना नंबर आहेत: एक, दोन, तीन, पाच. चौथी कुठे गेली, असं विचारलं, तर मावशी तिकिटांवर शिक्के मारता मारता म्हणाल्या, ती माहेरी गेलीय. मी हसलो. त्याही हसल्या, पण शिक्क्याकडे बघून.

बायकोचा फोन आला. टिटवीची परीक्षा संपली की वीस तारखेला दोघी बोटीने इकडे येतील. (टिटवी म्हणजे आमची कन्या. अखंड बोलते; हे नाव तिने कमावलंय.) उशीचं गाऱ्हाणं ऐकून बायको म्हणाली, तुमची आणते मी, तोवर मान सांभाळा. त्या अभ्र्याच्या कोपऱ्यात टिटवीने निळ्या दोऱ्याने मासा काढला आहे. तो बटाट्यासारखा दिसतो, पण हे घरात कुणी बोलायचं नाही.

६ मार्च

डेटाबेसचा संसार एकत्र कुटुंबासारखा असतो. खाली टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते. त्यांच्या जिवावर वर छोटेमोठे प्रोग्राम नांदत असतात. खालचं एखादं टेबल कुणी हलवलं, की त्यावर विसंबलेले सगळे रुसून बसतात. अशांना 'इनव्हॅलिड' म्हणतात. मग रुसलेल्यांची यादी काढायची आणि एकेकाला पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे समजूत घालून कामाला लावायचं. आधी सासरे, मग सुना. क्रम चुकला की पुन्हा रुसवा.

आज यादी काढली तर वरातच निघाली. संध्याकाळपर्यंत बहुतेकांना नांदायला पाठवलं. सातजण मात्र हटून बसलेत. सातांचं गाऱ्हाणं एकच: बोट चारच्या प्रवाशांचं टेबल सापडत नाही. ते खरंच नाही. कुणीतरी मुळासकट उपटून टाकलंय. मी म्हटलं, बोटच नाही तर हे सातही काढून टाकू. साहेब म्हणाले, काढायचं काही नाही, तपासणी तोंडावर आलीय, यादीत शून्य दिसलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा.

९ मार्च

आमच्या धंद्यात एक पळवाट आहे; सगळे वापरतात, कबूल कुणी करत नाही. हरवलेल्या टेबलाच्या नावाचं दुसरं टेबल करून ठेवायचं, रिकामं. वरच्या मंडळींना नाव दिसलं की पुरे, आत कोण आहे हे ती विचारत नाहीत. तसं केलं. सातही एका दमात कंपाइल झाले. शून्य! साहेबांनी पाठ थोपटली, नेमकी मानेजवळ.

कॉलेजात न्यायदर्शन शिकवणारे आमचे गुरुजी सांगायचे, अभाव हाही एक पदार्थ आहे. जमिनीवर घडा नसेल, तर तिथे घड्याचा अभाव असतो. तोही जागा अडवतो. आम्ही मागच्या बाकावर फिदीफिदी हसायचो. आज मी स्वहस्ते एका बोटीचा अभाव तयार केला, चाळीस आसनांचा. गुरुजी असते तर खूश झाले असते.

मावशींना हा पराक्रम सांगितला. त्यांचा शिक्का हवेतच राहिला. मग म्हणाल्या, बरी होती की हो माहेरी.

१२ मार्च

टेबलात माणसं आहेत.

काल रिकामं होतं. आज अकरा नावं, आसनांच्या क्रमांकांसह. साहेब म्हणतात, चाचणीसाठी तुम्हीच भरली असतील. मी भरलेली नाहीत. माझी चाचणीची नावं ठरलेली आहेत, त्यांत पहिलं सासऱ्यांचं असतं.

खाली सामानाच्या खोलीत हमाल वैतागला होता. चामड्याची एक बॅग आलीय, ओलीगच्च. चिठ्ठीवर बोट चार. कुठल्या बोटीतून उतरली ते कुणी पाहिलं नाही. चिठ्ठीवरचं नाव टेबलात सापडलं, आसन सात. वर येऊन मी तेवढी एक ओळ पुसली आणि पुन्हा खाली गेलो.

बॅग नव्हती. फरशीवर तिच्याच आकाराचं पाणी होतं.

योगायोग, असं इथे लिहून ठेवतो. लिहिलं की बरं वाटतं. (संध्याकाळी आसन सात पुन्हा भरलं. बॅगही आली.)

१४ मार्च

मावशींनी आज आपणहून सांगितलं. काही वर्षांपूर्वी बोट चार पलीकडून निघाली, लख्ख उन्हात, आणि इकडे लागलीच नाही. अडतीस माणसं. एक चप्पलसुद्धा तरंगत आली नाही. पुढे रोज सकाळी धक्क्यावरचा भोंगा टेबलातली नावं वाचून त्या अडतीस जणांना पुकारायचा, चढून घ्या म्हणून. माझ्या आधीच्या माणसाला ते सहन होईना. त्याने टेबल उपटलं आणि गाव सोडलं.

मग त्यांनी विचारलं, बारा नंबरचं आसन भरलंय का. भरलंय. त्यावर त्यांच्या धाकट्या भावाचं नाव आहे. मावशी हसल्या. तसं हसू मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. म्हणाल्या, त्याला काढू नका हो. बसलाय तर बसू दे.

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१७ मार्च

अडतीस झाले. सामानाची खोली भरलीय. हमाल कामावर येत नाही. फरशी मीच पुसतो. पाणी खारट आहे. चव का घेतली, माहीत नाही.

बायकोला फोन केला, रस्त्याने या म्हटलं. ती म्हणाली, रस्त्याने वळसा घालून अख्खा दिवस जातो आणि टिटवीला गाडी लागते. मान वाकडी झाली ते ठीक, डोकं सरळ ठेवा. तिकिटं बोट दोनची आहेत. दोनचीच. मी स्वतः पाहिली.

१९ मार्च

ते सात प्रोग्राम आज वाचले. आधी वाचायला हवे होते. सगळे आधी कंपाइल करतात, मग वाचतात—

त्यातला एक, गर्दीच्या बोटीतली माणसं उचलून जागा असेल तिथे बसवतो. आपोआप. बोट दोन भरलीय. चारमध्ये दोन आसनं रिकामी होती. मी ठेवली होती.

आता नाहीत. एकोणचाळीस, बायको. चाळीस, टिटवी.

परत दोनमध्ये हलवलं. पुन्हा चारमध्ये. प्रोग्राम बंद केला. तरी चारमध्येच. पुसायला गेलो आणि ती बॅग आठवली, ते फरशीवरचं पाणी— पुसायचं नाही. काही झालं तरी पुसायचं नाही.

फोन लागत नाही.

२० मार्च, सकाळ

लागला. बायको हसत म्हणाली, बसलो आम्ही, खिडकीजवळ. माणसं फार भली, टिटवीला कुणी गप्प बस म्हणत नाही. मग टिटवी बोलली. बाबा, इथे सगळे ओले आहेत, पाऊस नाही तरी—

उतरा म्हणालो. ओरडलो. बोट सुटली होती.

सामानाच्या खोलीत माझी उशी आहे. कोपऱ्यात निळा बटाटा. पिळतोय, पिळतोय, पाणी संपत नाही.

यादी काढली. शून्य. सगळं व्हॅलिड.

मावशी ठेवणीतले कपडे घालून धक्क्यावर उभ्या आहेत. हात हलवतायत. पाण्यावर पांढरं काही— हो. चार.

टेबल उपटायला एक ओळ पुरते. टाइप करून ठेवलीय. एंटर दाबणार नाही. त्यात त्या दोघी आहेत.

खरं ते लिहितो. बोट येणार नाही ही भीती आता उरली नाही. ती येतेय. टिटवी पळत येईल, गळ्यात पडेल, बोलत सुटेल, आणि मी काही विचारणार नाही. भीती एवढीच, की मी तिच्या डोक्यावरून हात फिरवीन आणि तिचे केस—