तुझ्या भाषणातला कुत्रा

प्रिय दादा,

प्राण्यांच्या निवाऱ्यांसाठी तू काढलेली नियमावली आमच्याकडे येऊन पोचली. गुळगुळीत कागद, आणि पहिल्याच पानावर तुझा हसरा फोटो. चहाचे डाग पडू नयेत म्हणून तिला प्लास्टिकचं कव्हर घातलंय, कारण तुझा निरीक्षक आला की आधी तीच बघायला मागतो. वहिनी कशी आहे? तिच्या शिंका आता थांबल्या असतील. ढब्बूला तुमच्या घरातून हलवून वर्ष उलटून गेलं, म्हणजे तिला शिंकायला घरात कुत्र्याचा केसही उरलेला नाही.

तुला वाटेल, ही नेहमीसारखी भांडायला बसली. पण नियम चांगले आहेत रे, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. मी जनावरांची डॉक्टर होऊन या कामाला लागले तेव्हा आजारी कुत्र्याला बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत दाबून धरायचे आणि संपवायचे. जीव खरंच गेला की नाही हे बघायला कुणी स्टेथोस्कोपसुद्धा लावत नसे. आता आधी गुंगीचं इंजेक्शन, वेगळी खोली, शेवटी ठोके ऐकून खात्री. हे कुणीतरी सक्तीचं करायलाच हवं होतं आणि ते तू केलंस, याचं श्रेय तुझंच. फक्त एक घोटाळा झाला. त्या कामासाठी तू निळा एप्रन सक्तीचा केलास, आणि थोड्याच दिवसांत कुत्र्यांनी तो ओळखला. मी तो घालून व्हरांड्यात पाऊल टाकलं, की भुंकणारे सगळे पिंजरे चिडीचूप. आमच्याकडे जेवणखाण बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तुमच्या अंगावर ते निळं बघितलं की मीच दाराआड होते, मग त्या मुक्या जिवांचं काय होत असेल!" शेवटी आम्ही सगळ्यांनीच रोज निळे एप्रन घालायला सुरुवात केली. झाडताना, अंघोळ घालताना, जेवणाच्या बादल्या नेताना. आता एप्रन दिसला की शेपट्या हलतात. पुढच्या आवृत्तीत हे घाल. स्वतःच्या नावावर घातलंस तरी चालेल, तशी तुला सवय आहे.

ढब्बू कसा आहे, हे तू कधी विचारलं नाहीस. आई गेली तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होतास, आईचा ढब्बू आता माझा. मला तेव्हा भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. तसाही तो नावालाच आईचा होता. खायचा तिच्या हातून आणि झोपायचा तुझ्या पायाशी. मग एक दिवस तू त्याला आमच्या फाटकात उतरवलंस. चार दिवस ठेव म्हणालास, गाडीचं इंजिनही बंद केलं नाहीस. त्याला ऊब म्हणून तुझा जुना राखाडी स्वेटर माझ्या हातात कोंबलास आणि गेलास. तेव्हापासून तो फाटकाकडे तोंड करून बसतो. तुझ्यासारख्या गाडीचा आवाज आला की उठतो, ती निघून गेली की पुन्हा बसतो. मी फोन करत राहिले. पुढे पुढे तुझ्या ऑफिसातल्या माणसाला माझा आवाज इतका पाठ झाला, की मी तोंड उघडायच्या आधीच तो साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगायचा.

तो स्वेटर मी आजपर्यंत धुतलेला नाही. धुतला तर तुझा वास जाईल आणि मग ढब्बू झोपणार कशावर? तुझ्या निरीक्षकाला तो बरोबर सापडला. अंथरूण अस्वच्छ, असा शेरा मारून गेला आणि पाठोपाठ तुझ्या सहीची नोटीस आली. तुझ्याच स्वेटरसाठी तू मला नोटीस पाठवलीस, दादा. मी ती फाईलला लावली आणि स्वेटर होता तिथेच राहू दिला.

नियमावली जाहीर केलीस त्या दिवशी मावशींनी हौसेने ऑफिसातला टीव्ही लावला. आमच्या डॉक्टरबाईंचा भाऊ म्हणून सगळ्यांना गोळा केलं. आणि तू बोलायला लागलास. आमच्या घरातल्या कुत्र्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवून शेवटचा श्वास घेतला, मी त्याचे कान कुरवाळत होतो, असा मृत्यू प्रत्येक जिवाला मिळाला पाहिजे हे मी त्याच क्षणी ठरवलं. तुझा आवाज काय सुंदर भरून आला होता! मावशींनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे ढब्बूच्या आधी अजून एक होता का?" ढब्बू तेव्हा दारात उभा राहून रिकामं वाडगं चाटत होता. मी हो म्हटलं. तुझी अब्रू मी का झाकली ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्या एका शब्दाचा राग मला तुझ्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त येतो.

आता हे का लिहिते ते सांगते. ढब्बूच्या जबड्यात गाठ आहे. ती पसरलीय, त्याचं खाणं सुटलंय आणि माझ्या औषधांनी दुखणं थांबत नाही. आता त्याला सोडवणं एवढंच माझ्या हातात आहे. तुझा नियम सांगतो, की तोंड बांधायचं नाही, दाबून धरायचं नाही, आणि ज्याच्यावर त्या प्राण्याचा भरवसा आहे असा माणूस त्याच्या डोक्याशी हवा. मी त्याला रोज सुई टोचते. मला तो चांगला ओळखतो, म्हणूनच मला बघून कोपऱ्यात अंग चोरतो. मावशींना पाणी ठेवू देतो, पण डोक्याला हात लावू देत नाही. डोकं तो फक्त त्या स्वेटरवर टेकतो. म्हणून गुरुवारी सकाळी तू ये. बरोबर फोटोवाला आणू नकोस. गाडी थेट फाटकापर्यंत आण, आवाजावरून तो उठेल. निळा एप्रन तुलाही देऊ. खाली फरशीवर बस, त्याचं डोकं मांडीवर घे आणि कान कुरवाळत राहा. सुई मी देईन, ठोकेही मीच ऐकेन, आणि कुणाला काही सांगणार नाही. तू भाषणात जे बोललास, ते निदान गुरुवारपासून खरं होईल.

तुझीच,
धाकटी