हरण्या बैल आणि तुझी तहानलेली ज्वारी

पारोळा,
बुधवार, दि. १३ सप्टेंबर १९७२

चि. अभिमन यास,

गुरुवार, ७ सप्टेंबर, पोळा, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ आधी लिहिते, कारण तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला तक्रार नोंदवताना वेळ आधी आणि नाव मागून लिहायची सवय असते. आता शिष्टाचार. सुनंदामावशीचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असेल, सूनबाईंचा दमा आटोक्यात असेल आणि तुमच्या संशोधन केंद्रावर पाऊस पडत असेल, अशी आशा करते. (आमच्याकडे पडत नाही. ते तुला ठाऊक आहे, त्यासाठीच तू माझी जागा निवडलीस.) माझं विचारशील तर गुडघे दुखत होते. सात तारखेला त्याच गुडघ्यांनी मी बाजारपेठेपर्यंत धावले, तेव्हापासून ते दुखतसुद्धा नाहीत, नुसते लटकतात. रा. रा. डॉक्टरसाहेब असंही म्हणायला हवं, कारण आता तू डॉक्टर झालास. माणसांचा नव्हे, गुरांचा नव्हे, ज्वारीचा. ज्वारीला तहान लागली की ती काय करते, यावर तुला पदवी मिळाली. आम्हाला तहान लागली की आम्ही काय करतो, यावर अजून कोणी पदवी देत नाही, त्यामुळे आम्ही अडाणीच राहिलो.

जूनमध्ये तू आलास आणि घरामागच्या माझ्या जागेत ज्वारी पेरलीस. अर्ध्या भागात ओळींच्या मधोमध काळा प्लास्टिकचा कागद अंथरलास. म्हणालास, जमिनीची ओल उडून जाऊ नये म्हणून हा नवा शोध आहे. (जमिनीला रेनकोट घालायचा तर आधी पाऊस हवा, असं मी म्हटलं, तर तू हसलास. मी विनोद करत नव्हते.) उरलेली अर्धी तू उघडी आणि कोरडी ठेवलीस, मुद्दाम, तिचे हाल बघायला. त्या कागदाने मला जुलैभर झोपू दिलं नाही. वारा आला की तो फडफडे आणि मला वाटे कोणीतरी कुंपण ओलांडतंय. दोनदा मी बॅटरी घेऊन गेले आणि दोन्ही वेळा ज्वारीला दटावून परत आले. एकट्या बाईने राहायचं म्हणजे घाबरायचं असतंच. फक्त ते आवाजात येऊ द्यायचं नसतं, हे मला भुसावळच्या कॉन्व्हेंटात शिकवलं आणि एक्स्चेंजमध्ये त्याचा पगार मिळाला. असो. निघताना फाटकाशी तू एकच वाक्य म्हणालास, की मावशी, यात गुरं शिरू देऊ नकोस. मी त्याचा अर्थ असा घेतला की गुरांपासून ज्वारी वाचवायची. कोणतंही शहाणं माणूस असाच घेईल. ज्वारीपासून गुरं वाचवायची आहेत, हे तुझ्या डोक्यात होतं आणि ते तिथेच राहिलं. तुला दीडशे पानांचा प्रबंध इंग्रजीत छापता येतो, पण मावशीला मराठीत एक पोस्टकार्ड टाकता येत नाही.

आता माणसं सांगते, कारण तू त्यांना पाहिलंस पण तुझं लक्ष पानांकडे होतं. माझ्या शेजारी सुपडू राहतो आणि त्याची बायको धुरपदाबाई. शेती नाही. एक गाडी आणि एक बैलजोडी. यंदा विहिरी आटल्यापासून तो बोरी नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यावरून दोन पिंपं भरून आणतो आणि आमच्या आळीतली चाळीस घरं त्या पाण्यावर चालतात. (माझं घर धरून एक्केचाळीस. मला पहिली बादली मिळते. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.) जोडीतला डावा बैल हरण्या. उजव्या बैलाचं नाव मला आठवत नाही, कारण तो गरीब आहे. हरण्या मात्र माझ्या फाटकाशी थांबून मान आत घालतो आणि मी त्याला रागावते, असा आमचा रोजचा परिपाठ.

पोळ्याच्या दिवशी सुपडूने दोघांना त्याच मोजक्या पाण्यात धुतलं. शिंगांना लावायला हिंगूळ आणला, धुरपदाबाईने ज्वारीच्या पिठाला गूळ लावून पोळ्या केल्या. पण हिरवी काडी कुठेच नाही. अख्ख्या तालुक्यात नाही. पोळ्याला बैलापुढे हिरवं टाकता येऊ नये, हे मला सहन झालं नाही. मी कोयता घेतला आणि स्वतः गेले. आणि इथे माझा विचार बघ, अभिमन. मी तुझ्या रेनकोटवाल्या ज्वारीला हात लावला नाही. ती चांगली कमरेएवढी झाली होती. म्हटलं, पोराची मेहनत आहे, आपण ती नासवायची नाही. म्हणून मुद्दाम त्या उपाशी अर्ध्यातली खुरटलेली, गुडघ्याएवढी, पण काळीभोर हिरवी ज्वारी कापली. भली मोठी पेंढी केली आणि स्वतःच्या हाताने हरण्यापुढे टाकली. उजव्याची शिंगं रंगवणं चाललं होतं म्हणून तो वाचला. हे झालं तेव्हा घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

साडेचारला हरण्याने मान खाली घातली. मला वाटलं पोट भरलं. मग त्याचा श्वास वाढला, इतका की बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या. तोंडाला फेस आला, पाय थरथरले आणि तो, गळ्यात घुंगरं, पाठीवर नवी झूल, असा जागेवरच बसला आणि मग कलंडला. घुंगरांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. (कान हा माझा धंदा होता. तो मला बंद करता येत नाही.) धुरपदाबाई मीठमिरच्या घेऊन दृष्ट काढायला धावली. सुपडू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. आणि मी, जिने ट्रंक लाइनवर मंत्र्यांना थांबवून ठेवलं, ती मी तिथे उभी राहून हातातल्या कोयत्याकडे बघत होते.

गुरांचे डॉक्टर सणासाठी धुळ्याला सासुरवाडीला गेलेले. सगळ्यांत जवळचा टेलिफोन घेवरचंदच्या फोटो स्टुडिओत. मी धावले. तिथे फोटो काढायला लोक रांगेत उभे, मागे पडद्यावर तळं रंगवलेलं आणि त्यात दोन हंस पोहताहेत. (यंदाच्या वर्षी हे रंगवणाऱ्याला तुरुंगात घातलं पाहिजे.) मी त्या सासुरवाडीचा ट्रंक कॉल मागितला. पलीकडून मुलगी म्हणाली लाइन मोकळी नाही, नंबर लागेल तेव्हा लागेल. आवाज ओळखला. जळगावला मीच तिला शिकवलेली. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, समोर कोणीही असो, रांग मोडायची नाही. तिने मोडली नाही. मी माझं नाव सांगितलं, तरी मोडली नाही. शेवटी लाइटनिंग कॉल म्हटलं, आठपट दराचा, तेव्हा जोडून दिला. मला तिचा इतका राग आणि इतका अभिमान एकदम कधी वाटला नव्हता.

डॉक्टर तोंडात पुरणपोळी घेऊनच बोलायला आले. श्वास कसा, फेस आहे का, हिरड्या कशा, मी सगळं सांगितलं. हिरड्या लालभडक, कुंकवासारख्या. खाल्लं काय, म्हणाले. मी म्हटलं, पाण्याशिवाय वाढलेली ज्वारी. त्यावर ते गप्प झाले. अभिमन, लाइन तुटल्यावरची शांतता वेगळी असते आणि माणूस घाबरल्यावरची वेगळी. ही दुसरी होती. मग पोळी गिळल्याचा आवाज आला आणि ते भराभरा बोलू लागले. तहानलेली ज्वारी पानात विष धरते, त्याला किराळ लागणं म्हणतात, त्यावर हायपो लागतं, फोटो पक्के करायला जे पांढरे खडे वापरतात तेच, पाण्यात विरघळवून पाजा, मी निघतोच आहे पण मला पोहोचायला तास लागेल आणि तुमच्याकडे तास नाही. किती घालायचं ते मी तळहातावर शाईने लिहून घेतलं. (ज्वारीने विष धरलं यात मला तिची फारशी चूक दिसत नाही. कोरडं ठेवलेलं, एकटं वाढलेलं कोणीही थोडंफार विष धरतंच.)

म्हणजे औषध मी उभी होते त्याच दुकानात. घेवरचंदच्या अंधाऱ्या खोलीत डबाभर. पण घेवरचंद देईना. पैशासाठी नव्हे. तो डबा पोटाशी धरून मागे सरकला. म्हणाला, अक्का, हे फोटोचं औषध, जनावराच्या पोटात गेलं आणि जीव गेला तर जीवहत्या माझ्या माथी. सात पिढ्यांत आमच्याकडे मुंगी मारली नाही. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही, पत्र टपालातून जायचं आहे. इतक्यात त्याची बायको झमकूबाई आतून आली, घुंगट न हलवता डबा त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “न देऊन मेला तर ते कोणाच्या माथी?” आणि माझ्याबरोबर चालू लागली. पायात चप्पलसुद्धा नव्हती.

बांबूच्या नळकांड्यातून सुपडूने पाजलं. मी पातेलं धरलं होतं. अर्धं हायपो मी माझ्याच लुगड्यावर सांडलं, मग झमकूबाईने पातेलं घेतलं. डॉक्टर आले, सुई टोचली. मग बसून राहायचं. आळीतली सगळी माणसं भोवती उभी, कोणी बोलेना, कारण प्रत्येकाला उद्याच्या बादलीची आठवण आली होती आणि ती काढायची लाज वाटत होती. सहा वाजून वीस मिनिटांनी हरण्या उठला. सुपडू त्याला तसाच हळूहळू मारुतीला घेऊन गेला, मिरवणुकीच्या सगळ्यांत शेवटी.

आता तुझ्याकडून मला काय हवं ते. एक, ही ज्वारी उपटून जाळायची लेखी परवानगी. तू म्हणशील प्रयोग महिनाभर राहिलाय. मी म्हणते, आळीत बकऱ्या आहेत, चारा कुठे नाही, आणि लोक कुंपणापाशी उभे राहून त्या हिरव्याकडे बघतात. मी नाही म्हणते आणि कारण सांगत नाही, म्हणून मी कंजूष ठरले आहे. सहा दिवस मी काठी घेऊन व्हरांड्यात बसते आणि पान हललं तरी उठते. दोन, लाइटनिंग कॉलचा खर्च तुझ्या प्रबंधाने द्यावा. तीन, लेखी क्षमायाचना, आणि ती इंग्रजीत नको.

तुझी मावशी,
सुनंदा

ता. क. खरी विनंती वर लिहायची राहिली. दृष्ट काढताना मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की हरण्याला दृष्टच लागली. डॉक्टर घाईत होते, त्यांनी फोड करून सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मदर सुपिरिअर म्हणायच्या, खोटं बोलू नये. गप्प राहण्याबद्दल त्या काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण सुपडू रोज पहिली बादली आणून ओततो आणि म्हणतो, अक्का, तुम्ही होत्यात म्हणून वाचला. मला ते पाणी पिववत नाही. तेव्हा तूच सुपडूला तुमच्या केंद्राच्या कागदावर पत्र लिही, की दोष तुझा. तू लांब आहेस, तुला सोपं जाईल.

ता. क. दुसरा. गुरुवार, १४ सप्टेंबर, सकाळचे नऊ. पत्र टाकायला निघाले होते, पण सुपडूच्या अंगणातून जाताना पाय अडले आणि सगळं सांगून टाकलं. ज्वारी, विष, माझा कोयता, सगळं. धुरपदाबाई शेण गोळा करत होती, ती हात न थांबवता म्हणाली, “आम्हले बठ्ठं ठाऊक व्हतं, अक्का. खुरटी जवारी ढोरले लागस, हाई तर ल्हान पोरलेबी ठाऊक शे. पन सनना दिन तुम्ही सोता लयन्यात. तुम्हले नही कोन म्हनी?” (तू अहिराणी विसरला असशील: त्यांना सगळं ठाऊक होतं, पण सणाला मी स्वतः घेऊन आले, मला नाही कोण म्हणणार?)

सुपडू म्हणाला, मूठभर खाऊ घालू आणि बाकीची उन्हात वाळवू, असा विचार होता. वाळली की विष जातं. तो तसं बोललाही होता. मी म्हणाले होते, ताजं आहे ते ताजंच खाऊ दे. आणि पेंढी संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिले होते. मला हे सगळं आठवतं, अभिमन. त्याला बैल जाईल अशी भीती वाटत होती, आणि तरी तो मला अडवू शकला नाही.

ज्वारी मी आज सकाळीच उपटली, रेनकोटवाली सोडून. वरच्या तिन्ही मागण्या रद्द. फक्त एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवं. जूनमध्ये फाटकाशी तू आणखी काही सांगणार होतास का, आणि मी मध्ये बोलले म्हणून तेवढ्यावरच थांबलास का? खरं लिहिलंस तर मी रागावेन. तरी लिही. शुक्रवार, २२ सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजायच्या आत मला ते मिळालं पाहिजे.