पत्रकाची उलटी बाजू

प्रिय वहिनी,

फोन करायचा सोडून हा चार पानं काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागलो की माझा आवाजच माझ्यापुढे धावतो, हे तूच मला एकदा सुनावलं होतंस, म्हणून कागद घेतला. येत्या सोमवारी तुमच्या शिवणकारखान्यात ते संमतीचे कागद पुन्हा येणार आणि साठ जणी आधी तुझ्या तोंडाकडे बघणार, असं दादाने सांगितलं. नव्या जागेत जायला आम्ही राजीखुशीने तयार आहोत असं लिहून द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे, पण त्यावर साठ घरांच्या चुली अवलंबून आहेत. तू सही केलीस तर सगळ्या करतील आणि तू हात आखडलास तर एकही पेन उचलणार नाही. इतकं वजन आपल्या घरातल्या कोणाच्या शब्दाला आजवर आलेलं नाही. दादाच्या तर नाहीच, त्याने सांगून मांजरसुद्धा खुर्चीवरून उठत नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी ठरवून टाकलं होतं की तुझ्याशी बोलायचं नाही. तू चार दिवस मला काहीच म्हणाली नाहीस. पाचव्या दिवशी माझा शाळेचा सदरा घेतलास, तो उलटा केलास आणि शिवणीवरून बोट फिरवत मला म्हणालीस की सुलट बाजू दुकानदार दाखवतो, आपण उलटी बघायची. कारखान्यात दिवसभर तेच तुझं काम होतं. कॉलर, खांदे, बगल, बाही, असं ठरलेल्या क्रमाने दर सदरा उलटा करून बघायचा, सुटलेल्या टाक्यावर खडूची खूण करायची आणि तो मागे पाठवायचा. माझ्या सदऱ्यावर तू तीन खुणा केल्यास. मी अबोला विसरून शेजाऱ्यांना तो सदरा दाखवत फिरलो.

शब्दांनाही तू तसंच उलटं करून बघतेस, हे मला जरा उशिरा कळलं. घरभर गालिचे असल्याच्या थाटात तो धूळ ओढायच्या यंत्राचा विक्रेता आला होता, आठवतो? आपल्याकडे एक सतरंजी, तीही विरलेली, पण दादा खिशात हात घालून तयार. तुमच्यासारख्या सुशिक्षित घरात हे यंत्र हवंच, असं तो म्हणाला, तेव्हा तू विचारलंस की ज्यांच्याकडे नाही ते शेजारी अडाणी का. सवलत फक्त आजच आहे म्हणाला, तर तू त्याला उद्याही यायचं आमंत्रण दिलंस, उद्या काय सांगता ते ऐकायचंय म्हणून. आणि डॉक्टरसुद्धा हेच वापरतात म्हटल्यावर तू अगदी आस्थेने चौकशी केलीस की कुठले डॉक्टर आणि ते झाडायला कधी बसतात. बिचारा शेवटी हसायला लागला. तू त्याला चहा दिलास आणि तो जाताना स्वतःच म्हणाला की साहेबांनी आम्हाला ही वाक्यं पाठ करायला लावली आहेत. दादा मात्र दोन दिवस फुगून होता.

तुझं हे मला फार आवडायचं, वहिनी. तू कधी कोणाला खोटारडा म्हटलं नाहीस. समोरच्याने आपल्याला घाबरवलं, की चढवलं, की घाई केली, तेवढं शांतपणे ओळखायचं आणि त्याखाली मूळ मागणी काय आहे ते विचारायचं. वर्तमानपत्रातली जाहिरात असो की निवडणुकीचं भाषण, भांडी घासता घासता तू सांगायचीस की आता हा भूक दाखवेल, आता हा शत्रू दाखवेल, आता सगळे आपल्यासोबत आहेत म्हणेल. आणि रेडिओवरचा माणूस खरंच तसं म्हणायचा. मला ती जादूच वाटायची. मी मोठेपणी त्याच जादूवर पोट भरेन हे तेव्हा आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेआधी मी भाषण तुला म्हणून दाखवलं होतं. आईवर होतं ते. मी ‘ती गेली’ असं तीनदा म्हणायचो, दर वेळी आवाज थोडा खाली आणून, आणि मग गप्प राहायचो. तू पदर डोळ्यांना लावलास. मी खूश. मग तू म्हणालीस, “रडू आलं खरं. पण तू माझ्याकडे मागितलंस काय, ते काही कळलं नाही.” मला राग आला होता. स्पर्धेत पहिला नंबर आला आणि मी चषक तुझ्या समोर मुद्दाम जरा जोरात आपटून ठेवला. तू तो पुसून आईच्या फोटोजवळ ठेवलास आणि संध्याकाळी माझ्या आवडीचं जेवण केलंस.

आता जे लिहायचं आहे ते जिवावर आलंय. मी जाहिरात कंपनीत ‘लिखाणाचं काहीतरी’ करतो, एवढंच घरी ठाऊक आहे. कंपन्यांना पत्रकं लागतात, मालकांना भाषणं लागतात, ती मी लिहितो आणि खाली माझं नाव कधीच नसतं. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी एक काम माझ्या टेबलावर ठेवलं. एका शिवणकारखान्याला गावाबाहेर दोन तासांवर हलायचं होतं आणि कामगार बायकांची संमती हवी होती. कारखान्याचं नाव वाचलं तेव्हाच मी ते परत द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. उलट मनात आलं की या लोकांना मी आतून ओळखतो, हे माझ्याइतकं छान कोणी लिहिणार नाही. तुम्हा सगळ्यांच्या हातात पडलेलं ते गुलाबी पत्रक मी लिहिलंय, वहिनी.

आणि गेल्या बुधवारच्या सभेला मी तिथे होतो. व्यवस्थापकांच्या खोलीत, अर्धवट उघड्या दाराआड, पत्रकाचा परिणाम बघायला. गावात येऊन घरी न येता गेलो, असं पहिल्यांदाच घडलं. तू उठलीस, तेव्हा वाटलं दोन शब्द बोलून बसशील. तू पत्रक हातात घेतलंस आणि कॉलरपासून सुरुवात केल्यासारखी पहिल्या ओळीपासून निघालीस. आपण सगळे एक कुटुंब आहोत, हे वाचून तू विचारलंस की घरातल्या माणसांकडून सह्या कोण घेतं. ‘निर्णय घेण्यात आला आहे’ यावर, कोणी घेतला त्याचं नाव कुठे आहे, म्हणून कागद पालथा करून शोधलंस आणि सगळ्या हसल्या. ‘बहुतेक भगिनींनी होकार दिलाच आहे’, हे वाचून तू हात वर करायला सांगितलंस. एकही हात वर आला नाही, तेव्हा माझ्या शेजारी उभे असलेले व्यवस्थापक घसा खाकरू लागले. जागरूक भगिनी शुक्रवारच्या आत सही करतील, यावर तू म्हणालीस की म्हणजे शनिवारी विचार करणारी झोपलेली. ‘नवी जागा, नवा उजेड, नवी उमेद’ हे मात्र तू दोनदा वाचलंस. लिहिणाऱ्याचा हात चांगला आहे, म्हणायला गोड लागतं, असं म्हणालीस, आणि मग ते तिन्ही तुकडे गाळून पुढचं वाक्य वाचलंस, तर अर्थाला कुठेच भोक पडलं नाही. माझ्या पंधरा वर्षांच्या कामावर इतकं अचूक बोट कोणी ठेवलं नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या क्षणी मी दाराआड टाळी वाजवायचाच बाकी राहिलो होतो.

मग चौथा परिच्छेद आला. पहिल्याच आठवड्यात बोटातून सुई आरपार गेलेली ती नवी मुलगी, आणि मशीन बंद करून तिचा हात मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या मुकादमबाई, अशा मायेच्या कारखान्यावर विश्वास ठेवा. ती मुलगी तू. ही गोष्ट तू मला, मी तापात असताना, उशाशी बसून सांगितली होतीस, आणखी कोणालाच नाही, दादालाही नाही. मी ती नाव काढून वापरली, कारण पत्रकाला काळीज हवं होतं. ते वाचताना तू थांबलीस. कागदावरून नजर उचलून तू कोणाकडेच पाहिलं नाहीस. मला वाटलं, आता तू लिहिणाऱ्याचं नाव घेणार. तू म्हणालीस, “ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच ती इथे ठेवली आहे. त्या बाईंनी हात धरला होता, कारखान्याने नाही. पुढे चला.” आणि पाचव्या परिच्छेदाकडे वळलीस. बायका आपला भाऊ, दीर, मुलगा काय करतो ते एकमेकींना डबा खाताना सांगतातच. तू एक शब्द बोलली असतीस तर मी त्या गावात तोंड दाखवू शकलो नसतो. तू मला झाकलंस, आणि माझ्या एकाही वाक्याला सोडलं नाहीस. माझ्या ओळखीत एवढ्या धीराचं दुसरं माणूस नाही.

तू बसलीस आणि एकही सही झाली नाही. तेव्हा मला राहवलं नाही, व्यवस्थापकांना मी छाती फुगवून सांगून बसलो की ती माझी वहिनी आहे. ते दचकले, मग हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, मग तर काम सोपं झालं. हे पत्र मला त्यांनी लिहायला सांगितलं आहे, वहिनी. घरचा माणूस म्हणून लिहा, जुन्या आठवणी काढा, कौतुक करा, सोमवारच्या आत त्यांचं मन वळवा, असं आमच्या कंपनीतल्या साहेबांनीही टिपून दिलंय. वरची पहिली दोन पानं मी या मंगळवारी त्याच कामासाठी लिहिली, आणि ती वाचताना तुला वास आला असेलच. त्यातलं काहीही खोटं नाही, पण त्यापुढे मला जे मागायचं होतं ते मागवेना. आता त्यांच्या मूळ मसुद्यातलं एक कलम तसंच उतरवतो. मजकूर जड होतो म्हणून पत्रकातून ते मी स्वतः काढलं होतं. बस फक्त पहिले तीन महिने सुटेल, त्यानंतर जी सलग सात दिवस पोचणार नाही तिने नोकरी स्वखुशीने सोडली असं धरलं जाईल. तुमची सही नसेल तर त्यांना तसं धरता येत नाही. सही करू नका. सोबत मसुद्याचं ते पान जोडलं आहे आणि मी आज राजीनामा दिला आहे. सोमवारी हे पत्र पहिल्या ओळीपासून सगळ्यांसमोर वाच, चौथा परिच्छेद कोणी लिहिला तेही सांग, आणि या वेळी मला झाकू नकोस.

तुझाच,
धाकटा दीर