खिडकीतली लसणाची सालं

आई,

बाळाला डोस द्यायला घेऊन जातेय. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

खिडकीतल्या ज्या लसणाच्या सालांवरून तुम्ही मला धांदरट म्हणालात आणि मीही फटकन बोलले, ती सालं तुमचीही नव्हेत नि माझीही नव्हेत. ते वाळवीचे पंख आहेत! आत्ता एक अख्खी सापडली. मुंगीसारखी बारीक कंबर नाही आणि चारही पंख सारखे लांब. खिडकीची चौकट ठोकून पाहिली, तर पोकळ वाजते.

औषध मारणारा दुपारून येईल. तोवर तुम्ही फवारा मारू नका, त्याने वरवरची मरते आणि आतली तशीच राहते. त्याला दाखवायला पंख डबीत ठेवलेत. कोपरान् कोपरा तपासून घ्या. तुमच्यासमोर कुणी अंगचोरपणा करत नाही.

आणि भावजींकडे जायला भरलेली तुमची बॅग त्याच चौकटीला टेकून होती. वाळवी लागेल म्हणून रिकामी केली, कपडे पुन्हा कपाटात लावलेत. भावजींना तेवढं कळवून टाका. डोसानंतर बाळ रात्रभर किरकिरणार, आणि ते तुमच्याच मांडीवर झोपतं.

तुमची
धांदरट सून